नव्या बजीच्या चोचीवर खपली दिसली तर

मुलांच्या सुट्टीत बजीची, म्हणजे छोट्या पोपटांची, जोडी घरात येते. दुकानदार बहुधा तिला ‘लव्हबर्ड’ म्हणूनच विकतो. जोडी, तारेचा पिंजरा, अंड्यांसाठी मडकं आणि राळ्याची पिशवी, अशी सगळी खरेदी एकाच फेरीत उरकते. काही आठवडे छान जातात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं, की एकाच्या चोचीच्या कोपऱ्यात पांढुरकं काहीतरी चिकटलंय. दाण्याची भुकटी असेल म्हणून ते सोडून दिलं जातं. आठ-पंधरा दिवसांत तो थर जाड होतो आणि डोळ्यांच्या कडेपर्यंत पोचतो. मग घरात सल्ल्यांना ऊत येतो. कुणी खोबरेल तेल लावायला सांगतं, कुणी कुत्र्याची गोचीड-पावडर सुचवतं, कुणी गोठ्यातल्या औषधाची बाटली आणून देतं.

या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. औषधाला हात लावण्याआधी कीड कोणती आणि ती राहते कुठे, हे ठरवा. पक्ष्याच्या कातडीत राहणाऱ्या किडीचा उपाय वेगळा, पिंजऱ्याच्या फटीत राहणाऱ्या किडीचा वेगळा. हे न ठरवता केलेल्या उपायांनी कीड जगते आणि पक्षी मरतो.

दोन किडी, दोन घरं

माइट म्हणजे कोळ्याच्या कुळातले अगदी बारीक जीव. शेतकऱ्याला पिकावरचा लाल कोळी ठाऊक असतो, त्याचेच हे पक्ष्यांवर जगणारे भाऊबंद. बजीच्या बाबतीत त्यांतले दोन प्रकार मुख्यतः लक्षात ठेवायचे.

पहिला चेहऱ्यावरचा माइट. शास्त्रात त्याला क्नेमिडोकॉप्टीस म्हणतात. माणसाला खरूज आणणाऱ्या किड्याचा हा दूरचा नातलग. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चोच, चोचीच्या मुळाशी असलेली नाकपुड्यांची मऊ पट्टी, डोळ्यांच्या कडा, पाय आणि शेपटीखालची जागा, इथे तो कातडीत बोगदे करून राहतो. त्याचा सगळा जन्म पक्ष्याच्या अंगावरच जातो आणि एक पिढी पुरी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात.

त्याची खूण नीट पाहिली तर चुकत नाही. सुरुवातीला चोचीच्या कोपऱ्यात खडूची पूड लागल्यासारखा थर दिसतो. पुढे तो करडा, खरबरीत होतो आणि त्यात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं दिसू लागतात. भिंगातून किंवा मोबाइलचा फोटो मोठा करून पाहिलात तर ही भोकं स्पष्ट दिसतील. पायांवर खवले उचलल्यासारखे दिसतात. दुखणं लांबलं तर चोचीचं मूळच बिघडतं आणि चोच वाकडी किंवा भलतीच लांब वाढू लागते.

दुसरा लाल माइट. तो राहतो पिंजऱ्यात आणि पक्ष्याकडे येतो फक्त जेवायला. दिवसा दांडीच्या टोकाशी, मडक्याच्या तळात, पिंजऱ्याच्या सांध्यांत, भिंतीच्या फटीत लपतो. रात्री बाहेर येतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत लपतो. आकार साधारण एक मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना दिसण्याजोगा. उपाशी असताना करडा, रक्त प्यायला की लाल. उष्ण हवेत आठवड्याभरात नवी पिढी तयार होते, आणि रिकाम्या पिंजऱ्यातही हा काही महिने उपाशी तग धरू शकतो. ‘जुना पिंजरा काही महिने माळ्यावर होता, त्यात कसली कीड’ असं कुणी म्हणालं तरी तो धुतल्याशिवाय वापरू नका.

लाल माइटाची शंका येते ती पक्ष्याच्या वागण्यावरून. रात्री पंखांची फडफड, सतत अंग खाजवणं, दिवसा फुगून पेंगत बसणं, पाय आणि तोंडाचा आतला भाग फिका पडणं. मडक्यातली लहान पिल्लं कारण न कळता मरतात, कारण एवढ्याशा अंगातलं थोडं रक्त गेलं तरी ते जीवावर बेततं. खात्री करायची असेल तर रात्री पिंजऱ्यावर पांढरं सुती कापड टाका. पहाटे, अंधार असतानाच, बॅटरी घेऊन कापडाच्या घड्या आणि दांडीची टोकं तपासा. हलणारे लाल-तपकिरी ठिपके दिसले आणि कागदावर चिरडल्यावर रक्ताची रेघ उठली, तर तोच.

शहरात हा माइट दुकानातूनच येतो असं नाही. कबुतरांच्या घरट्यांतही तो असतो. खिडकीच्या एसीमागे किंवा बाल्कनीच्या कोपऱ्यात कबुतरांनी घरटं केलं असेल आणि शेजारीच बजीचा पिंजरा टांगला असेल, तर पिंजऱ्याची जागा आधी बदला. गावाकडे कोंबड्यांच्या खुराड्याजवळ पिंजरा ठेवण्याचाही हाच धोका.

प्रत्येक खाज म्हणजे माइट नव्हे

नव्या पालकांचा गोंधळ होतो तो इथेच, म्हणून इथे जरा थांबू.

बजीच्या नाकपुड्यांच्या पट्टीवरून नर-मादी ओळखतात. मोठ्या नराची पट्टी बहुधा निळी असते. मादीची फिकी, पांढुरकी असते आणि अंडी घालायच्या काळात तपकिरी, जाड होते. कधी तिचा पापुद्राही सुटतो. हे नैसर्गिक आहे. फरक एवढाच पाहायचा, की मादीचा तपकिरी थर त्या पट्टीपुरताच राहतो. माइटाचा थर भोकाभोकांचा असतो आणि चोचीच्या कोपऱ्यांकडे, डोळ्यांकडे पसरतो.

पिसं झडून नवी येताना बजी दिवसभर खाजवतो. डोक्यावर बारीक पांढऱ्या सुया उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. त्या नव्या पिसांच्या गुंडाळ्या असतात, त्या आपोआप सुटतात. उथळ ताटलीत आंघोळीला पाणी ठेवा, त्याला बरं वाटेल.

घरट्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची शेपटीची आणि पंखांची लांब पिसं गळत असतील, ते उडू न शकता जमिनीवर धावत असेल, तर ते बहुधा विषाणूंचं दुखणं असतं. त्यावर माइटाचं औषध काही करत नाही, आणि ते इतर पक्ष्यांना लागू शकतं. नाकाडोळ्यांतून पाणी, हिरवट पातळ विष्ठा आणि सुस्ती एकत्र दिसली, तर माणसालाही होऊ शकणारा सिटाकोसिस नावाचा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता धरावी लागते. अशा वेळी घरातल्या लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि गरोदर बाईला पक्ष्यापासून दूर ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

माइटांपुरतं म्हणाल तर चेहऱ्यावरचा माइट माणसाच्या अंगावर घर करत नाही. लाल माइट मात्र माणसालाही चावतो आणि अंगावर खाज सुटणारे लाल ठिपके येतात. पक्षी बरा झाला की पुरे असं त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही, घरही साफ करावं लागतं.

थेंबाचा हिशेब

आयव्हरमेक्टिन हे नाव करोनाच्या काळात घराघरांत पोचलं. गोठ्यात ते त्याआधीपासून होतं. माइटावर ते उत्तम चालतं, पशुवैद्यही बजीला बऱ्याचदा तेच देतात. म्हणूनच घरच्या घरी देण्याचा मोह होतो. तो का टाळायचा, याचं साधं गणित मांडतो.

पक्ष्यांत या औषधाचं नेहमीचं प्रमाण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम धरतात. बजीचं वजन ३० ते ४० ग्रॅम. ३५ ग्रॅम धरलं तर त्याचा डोस होतो ०.००७ मिलिग्रॅम, म्हणजे ७ मायक्रोग्रॅम. आता जनावरांसाठीचं एक टक्क्याचं इंजेक्शन घ्या. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात. म्हणजे एका थेंबात ५०० मायक्रोग्रॅम, लागतं त्याच्या सत्तरपट. माणसाच्या १२ मिलिग्रॅमच्या एका गोळीत तर सतराशे बजींचा डोस आहे. तिचा कोपरा तोडून किंवा चिमूटभर पूड करून हे माप साधणारा माणूस मी पाहिलेला नाही.

पाण्यात मिसळून द्यावं, असाही सल्ला मिळतो. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही. तळाशी किंवा वर जमा होतं. एक पक्षी किती पाणी पितो हे आपल्याला मोजता येत नाही, आणि चव बदलली तर तो पाणी पिणंच सोडतो.

पशुवैद्य पक्ष्याचं वजन करून, औषध पातळ करून, मानेमागच्या कातडीवर छोटासा थेंब टाकतात किंवा तोंडाने देतात. एवढ्या लहान पक्ष्याला सुई देण्यापेक्षा कातडीवर थेंब टाकणं सुरक्षित मानलं जातं. डॉक्टरांनी सुईची तयारी केली तर ‘वरून थेंब टाकून चालेल का’ असं विचारायला संकोचू नका. एका डोसने काम होत नाही. साधारण १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा औषध द्यावं लागतं. पहिल्या डोसनंतर खपली गळू लागते आणि पक्षी बरा दिसतो. नेमके तिथेच लोक दवाखान्यात जाणं थांबवतात आणि दोन महिन्यांनी दुखणं पुन्हा उभं राहतं. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत थांबू नका.

आणखी एक. एकाच पिंजऱ्यात असलेल्या सगळ्या पक्ष्यांना औषध लागतं, चोच स्वच्छ दिसणाऱ्यालाही. हा माइट आईबापांकडून पिल्लाला घरट्यातच लागतो आणि महिनोन् महिने दबून राहू शकतो. दुकानातली गर्दी, प्रवास, नवं घर, निकृष्ट खाणं यांनी अंगातली ताकद घटली की तो वर येतो. म्हणून दुखणं दिसतं तुमच्या घरी, पण ते आलेलं असतं बरंच आधी. दुकानदाराशी भांडण्यापेक्षा त्याच्याकडच्या इतर पक्ष्यांनाही औषध लागेल, हे त्याला सांगा.

डॉक्टर मिळेपर्यंत

आजारी पक्षी वेगळ्या पिंजऱ्यात, वाऱ्याच्या झोतापासून दूर, उबदार जागी ठेवा. खाणं-पाणी जवळ असू द्या. दवाखाना गाठायला एक-दोन दिवस लागणार असतील, तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन कापसाच्या काडीने फक्त खपलीवर, अगदी पातळ लावता येतं. त्याने खपली मऊ होते आणि आतले माइट गुदमरतात. नाकपुड्या आणि डोळे वाचवा, पिसांना लागू देऊ नका. तेलकट पिसांनी पक्ष्याला अंगाची ऊब धरता येत नाही, म्हणून अंगभर खोबरेल किंवा कडुनिंबाचं तेल चोपडणं घातक आहे. खपली नखाने खरवडू नका, खालची कातडी सोलून रक्त येतं. वाढलेली चोच नेलकटरने कापू नका, चोचीच्या आत रक्तवाहिनी असते.

धरताना छाती दाबू नका. पक्ष्याला श्वास घेण्यासाठी छातीची हाडं हलवावी लागतात. मूठ घट्ट झाली की तो गुदमरतो. मऊ रुमालात घेऊन, मान दोन बोटांत अलगद धरून, छाती मोकळी ठेवा.

या वस्तू पिंजऱ्याजवळ आणूच नका: रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या, मुंग्यांचा खडू, झुरळांचा स्प्रे, कुत्र्यामांजरांची पावडर. पिंजऱ्याला टांगायच्या ‘माइट पळवणाऱ्या’ डब्याही नकोत, त्यांतल्या काहींत डांबरगोळीसारखीच द्रव्यं असतात. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यापेक्षा कितीतरी नाजूक, आणि तो चोवीस तास त्याच हवेत बसलेला असतो.

शेपटी वरखाली करत धापा टाकणं, पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहणं, खाणं बंद होणं, यांतलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. एवढ्याशा जीवाला एक दिवसाचा उपासही झेपत नाही.

दवाखान्यात जाण्याआधी फोन करून पक्षी तपासतात का ते विचारा. कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी पाहत नाहीत. जवळ कुणी नसेल तर मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, तसंच नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातूनही योग्य जागी पाठवतात. पक्षी त्याच्याच पिंजऱ्यात न्या, वर कापड टाका, तळाचा कागद बदलू नका. विष्ठा पाहून डॉक्टरांना बरंच कळतं. कधी आणला, काय खातो, घरात आणखी किती पक्षी आहेत, काय लावून पाहिलं, हे सगळं खरं सांगा. कायद्याची धास्ती असेल तर ती सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा रानपोपट पाळायला बंदी आहे. बजी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याला ती लागू नाही.

पिंजरा

लाल माइट सापडला असेल तर खरी लढाई इथे आहे. पक्ष्याला औषध देऊन त्याच पिंजऱ्यात ठेवलंत, तर रात्री फटीतून नवी फौज येते. पक्षी दुसऱ्या स्वच्छ पिंजऱ्यात हलवा. लाकडी दांड्या, मडकं, दोऱ्या, झोपाळे टाकून द्या. स्वस्त वस्तू आहेत, त्यांच्या भेगा साफ होत नाहीत. तारेचा पिंजरा साबणाने घासून त्यावर उकळतं पाणी ओता, सांध्यांवर जास्त. मग कडक उन्हात पूर्ण वाळवा. पिंजरा टांगता त्या भिंतीच्या फटी, खिळ्याची जागा, मागचा पडदाही धुवा किंवा पुसा. आठवड्याने हे सगळं पुन्हा, आणि असं किमान तीन-चार वेळा, कारण पहिल्या खेपेला राहिलेल्या अंड्यांतून नवे माइट निघतात. फवारा मारावाच लागला तर तो डॉक्टरांनी सांगितलेला, पक्षी दुसऱ्या खोलीत असताना, आणि सगळं वाळून वास गेल्यावरच पक्षी परत.

चेहऱ्यावरच्या माइटाचा मुक्काम पिंजऱ्यात नसतो, पण उपचार चालू असताना प्रत्येक डोसनंतर पिंजरा धुणं आणि दांड्या बदलणं शहाणपणाचं.

पुढच्या वेळी

जोडी घेताना रंगाआधी चेहरा पाहा. चोच गुळगुळीत, नाकपुड्या मोकळ्या, डोळे स्वच्छ, पायांचे खवले बसलेले, शेपटीखालची पिसं कोरडी. एक पक्षी निवडला असेल तरी त्याच पिंजऱ्यातले बाकीचेही पाहा. एकाच्याही चोचीवर खपली असेल तर तिथून घेऊ नका. दया येऊन आजारी पक्षी घ्यायचाच असेल, तर उपचाराचा खर्च आणि वेळ धरूनच घ्या.

घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा. आधी जुन्यांचं खाणं-पाणी, मग नव्याचं, आणि मग हात साबणाने धुवा. भांडी वेगळी, झाडणी वेगळी. स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर डबा ठेवून आठवड्याला वजन करा. दोन-तीन ग्रॅमची घट आपल्याला किरकोळ वाटते, ३५ ग्रॅमच्या पक्ष्यात ती मोठी असते आणि डोळ्यांना दिसण्याआधी दुखणं सांगते.

खाण्याकडेही बघा. नुसत्या राळ्यावर आणि बाजरीवर पक्षी जगतो, पण अ जीवनसत्त्वाची कमतरता होते आणि कातडी दुबळी पडते. रोज थोडी धुतलेली कोथिंबीर, पालक किंवा शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर द्या. पहिले काही दिवस तो तोंड लावणार नाही. रोज ठेवत राहा.

सगळ्यात अवघड गोष्ट पैशाची आहे. जोडी काही शेकड्यांत मिळते आणि डॉक्टरांची एक फेरी तेवढीच किंवा जास्त पडते. म्हणून कितीतरी घरांत ‘मेला तर दुसरी आणू’ असा हिशेब होतो, किंवा आजारी पक्षी गच्चीतून सोडून दिला जातो. सोडलेला बजी इथल्या रानात जगत नाही, बहुधा त्याच दिवशी कावळ्यांच्या नाहीतर मांजराच्या तोंडी जातो. आणि कीड लाल माइटाची असेल तर त्याच पिंजऱ्यात आणलेली दुसरी जोडीही तीच घेऊन बसते, म्हणजे हिशेबही जमत नाही. चेहऱ्यावरच्या माइटाचं दुखणंही बरं होणारं आहे. लवकर पकडलं तर दोन-तीन फेऱ्यांत संपतं. उशीर झाला तर चोच कायमची वाकडी राहते आणि ती ठरावीक काळाने डॉक्टरांकडून घासून घ्यावी लागते, जन्मभर.

म्हणून आज एवढं करा. दिवसाउजेडी घरातल्या प्रत्येक बजीच्या चोचीचा, दोन्ही बाजूंनी, जवळून फोटो घ्या आणि मोठा करून बघा. पांढरा, भोकाभोकांचा थर दिसला तर त्या पक्ष्याला वेगळं करा आणि दवाखान्याला फोन लावा. काही दिसलं नाही तर तो फोटो जपून ठेवा. पुढच्या महिन्यात ताडून बघायला तो लागेल.